दंतवैद्यक प्रवेश : अर्जाची तयारी दहावीपासूनच

कपड्याचा कोणताही व्यापारी ईदचा माल चाँदरातीला भरत नाही. दोन-तीन महिने आधी फेऱ्या होतात, उधारी ठरते, गाठी दुकानात येऊन पडतात. पण हेच व्यापारी बांधव मुलामुलींच्या प्रवेशाचे कागद मात्र निकाल लागल्यावर, ऐन जूनमध्ये, तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहून जमवू लागतात. दंतवैद्यकाच्या म्हणजेच बीडीएसच्या प्रवेशात या उशिराची किंमत फार जबर पडते. गुण असूनही एका दाखल्यापायी जागा हातची जाते आणि तेच शिक्षण खासगी कॉलेजात कितीतरी पट फी भरून घ्यावे लागते, नाहीतर सोडून द्यावे लागते.

म्हणून या लेखात अभ्यासापेक्षा अर्जाविषयी जास्त लिहिले आहे. अभ्यास मुलाने करायचा आहे. अर्ज भक्कम करणे हे निम्म्याहून अधिक पालकांचे काम आहे.

बीडीएस म्हणजे काय?

चार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष रुग्णालयातील सक्तीची उमेदवारी, असा हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवी मिळाल्यावर राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी करून स्वतःचा दवाखाना काढता येतो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचा धंदा आणि हाताचे हुन्नर आहे, त्या घरातील मुलांना हा पेशा साजण्यासारखा आहे. दात कोरणे, भरणे, मापे घेणे, कवळी बसवणे ही सारी बारीक हातकामे आहेत.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे जुनी शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे आहे. याखेरीज खासगी आणि अभिमत विद्यापीठांची कॉलेजे बरीच आहेत. शासकीय आणि खासगी कॉलेजच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शासकीय जागा मिळवण्यासाठीच कागदांची एवढी धावपळ करायची असते.

गुणवत्ता एका परीक्षेची, हक्क कागदांचा

आपल्याकडे बीडीएससाठी मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, कोणाची ओळख चालत नाही. प्रवेश केवळ ‘नीट’ या देशपातळीवरील परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के गुण असले की पात्रतेपुरते भागते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. वयाची वरची मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली.

२०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण होते. वेळ तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण. पुष्कळ मुले भौतिकशास्त्राच्या भीतीने सगळा वेळ तिकडे घालवतात आणि जीवशास्त्र ‘पाठांतराचे’ म्हणून शेवटी ठेवतात. हा सौदा तोट्याचा आहे. निम्मे गुण ज्या विषयात आहेत तो आधी पक्का करावा. एनसीईआरटीची पुस्तके ओळ न ओळ वाचावीत, कारण राज्य मंडळाच्या मुलांना त्यांची सवय नसते.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही परीक्षा मराठीत देता येते आणि २०१८ पासून उर्दूतही देता येते. परंतु भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते आणि अनुवादात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच प्रमाण मानला जातो. अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलेल्या मुलाने केवळ सोय म्हणून शेवटच्या घडीला उर्दूचा पर्याय घेऊ नये. ज्या भाषेतील पारिभाषिक शब्द त्याच्या तोंडात बसले आहेत, तीच भाषा घ्यावी.

पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यात फरक आहे, हेही पालकांनी समजून घ्यावे. खुल्या गटाला ५० पर्सेंटाईल आणि ओबीसी, अनुसूचित जाती-जमातींना ४० पर्सेंटाईल लागतात. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ५० पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे. २०२५ मध्ये खुल्या गटाची ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. तेवढ्यावर शासकीय जागा मिळत नाही. ती यादीत आपला क्रमांक कितवा आणि आपला हक्क कोणत्या गटात, यावर ठरते. क्रमांक मुलगा मिळवतो, गटाचा हक्क कागद मिळवून देतात.

दहावी-बारावी कोठून झाली?

महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातील जागांसाठी मुलाची दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातील शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागतात. शिवाय अधिवास म्हणजे डोमिसाईल दाखला लागतो. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, व्यापारी-कारागिरांसाठी नाहीत.

या एका नियमात आपल्या समाजाची किती मुले अडकतात पाहा. भिवंडी, मालेगाव, मुंबईत अनेक कारागीर कुटुंबे उत्तर प्रदेशातून आलेली आहेत. बाप वीस वर्षे इथे यंत्रमागावर आहे, पण मुलगा दहावीपर्यंत गावी आजोबांकडे शिकला. असा मुलगा बारावी मुंबईतून झाला तरी राज्य कोट्यात बसत नाही. दुसरीकडे काही सधन व्यापारी मुलाला कोट्याला क्लाससाठी पाठवतात आणि तेथीलच एखाद्या शाळेत बारावीचे नाव घालतात. मुलगा उत्तम गुण घेऊन परततो आणि घरच्या राज्यात परका ठरतो. क्लास कोठेही लावा, अकरावी-बारावीचे नाव मात्र महाराष्ट्रातच ठेवा. गावी शिकणारे मूल डॉक्टर व्हावे अशी इच्छा असेल तर दहावीच्या आधीच त्याला इकडे आणा.

नावाचे स्पेलिंग

आपल्या नावांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. शाळेत ‘शेख मोहम्मद’, आधारवर ‘मो. शेख’, बापाच्या रेशनकार्डावर ‘मोहंमद’. इंग्रजीत तर सय्यद आणि मोहम्मद प्रत्येकी चार-पाच प्रकारे लिहिले जातात. मुलींच्या बाबतीत कुठे वडिलांचे नाव लागते, कुठे आडनाव, कुठे नुसते ‘बानो’ वा ‘बी’.

दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव हाच पाया मानावा. आधार, बँक खाते, डोमिसाईल, जातीचा दाखला, सारे त्या स्पेलिंगप्रमाणे करून घ्यावे. दहावीचेच नाव चुकले असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती करावी. शाळा सोडल्यावर हे काम फार किचकट होते. नाव बदलल्याची राजपत्रातील नोंद हा शेवटचा मार्ग आहे आणि त्यालाही वेळ लागतो. नववीचे वर्ष सुरू होताच शाळेतील जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात या चार नोंदी पालकांनी स्वतः जाऊन पाहाव्यात.

जातीचा दाखला आणि पडताळणी

‘मुसलमानांना आरक्षण नाही, मग दाखला कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. धर्माच्या नावाने आरक्षण नाही हे खरे. २०१४ चा पाच टक्क्यांचा वटहुकूम कायद्यात न उतरता संपला, हेही खरे. पण मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, कुरेशी अशा अनेक मुस्लिम कारागीर आणि व्यावसायिक जाती राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, आणि राज्यात ओबीसींना १९ टक्के आरक्षण आहे. छप्परबंद समाज विमुक्त जातींत मोडतो. हा हक्क असून न वापरणे म्हणजे स्वतःच्या दुकानातला माल स्वतःच टाळून बसणे होय.

अडचण पुराव्याची आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, वडिलांकडील नात्यातील पुरावा दाखवावा लागतो. आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर बहुधा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. अशा वेळी हताश होऊ नये. आजोबा, त्यांचे भाऊ, पणजोबा यांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने महसुली उतारे आणि फेरफार, चुलत्यांचे शाळेचे उतारे शोधावेत. ‘मोमीन’, ‘पिंजारी’, ‘तांबोळी’ अशी नोंद त्यांपैकी एखाद्या कागदावर सापडते. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला पडताळणी प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत वंशावळीसह जोडावी. त्याने प्रकरणाला मोठे बळ येते.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. पण व्यावसायिक प्रवेशाला तेवढा पुरत नाही. जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठीचा प्रस्ताव अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत पाठवता येतो. समितीला शंका आली तर दक्षता पथक घरी चौकशीला येते आणि त्यात महिने जातात. म्हणून अकरावीच्या पहिल्या सहामाहीत प्रस्ताव दाखल झालाच पाहिजे. बारावीच्या मे महिन्यात दिलेला प्रस्ताव वेळेवर निघेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

उत्पन्नाचा हिशेब

ओबीसीला नॉन क्रीमीलेअर दाखलाही लागतो. मर्यादा आठ लाख रुपयांची आहे आणि आईवडिलांचे सलग तीन वर्षांचे उत्पन्न पाहिले जाते. पगार आणि शेती यांचे नियम वेगळे आहेत. व्यापाराचे उत्पन्न मात्र हिशेबात धरले जाते. व्यापारी बांधवांनी येथे जपून वागावे. कर्जासाठी उत्पन्न फुगवून दाखवलेले विवरणपत्र आणि दाखल्यासाठी तलाठ्यापुढे सांगितलेला कमी आकडा एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा दाखला तर अडतोच, शिवाय खोट्या माहितीचा ठपका मुलाच्या प्रवेशावर येतो. तिन्ही वर्षांची विवरणपत्रे मुदतीत आणि खरी भरणे, हाच सरळ मार्ग.

ज्यांची जात कोणत्याही राखीव यादीत नाही, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला पाहावा. १० टक्के जागांचा हा हक्क धर्म न पाहता मिळतो. येथेही मर्यादा आठ लाखांची आहे, परंतु मोजणी वेगळी. साऱ्या कुटुंबाचे, सर्व मार्गांनी आलेले, मागील आर्थिक वर्षाचे उत्पन्न धरले जाते.

एक बारकावा फार महत्त्वाचा. केंद्राच्या कोट्यासाठी ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षात म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला लागतो आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्याचा दाखला तेथे चालत नाही. दोन्ही नमुने एकाच खेपेत काढून ठेवावेत. राज्याच्या नॉन क्रीमीलेअर दाखल्यावर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालतो तेही वाचावे. प्रवेशाच्या महिन्यात मुदत संपलेला दाखला म्हणजे कोरा कागद.

अर्ज एक नव्हे, तीन

पहिला अर्ज ‘नीट’ परीक्षेचा. २०२५ मध्ये तो ७ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात भरला गेला. फी खुल्या गटाला १,७००, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १,६०० आणि अनुसूचित जाती-जमातींना १,००० रुपये होती. परीक्षा २०२३ मध्ये ७ मे, २०२४ मध्ये ५ मे आणि २०२५ मध्ये ४ मे रोजी, म्हणजे तिन्ही वेळा मेच्या पहिल्या रविवारी झाली.

दुसरा अर्ज दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे. शासकीय कॉलेजांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या सर्व जागा येथून भरतात. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे दंतवैद्यक कॉलेज आणि अलीगढ विद्यापीठाचे झियाउद्दीन अहमद दंत महाविद्यालयही याच समितीच्या यादीत येतात. जामियात निम्म्या जागा मुस्लिम उमेदवारांसाठी असून त्यात महिलांचा आणि मुस्लिम ओबीसींचा वेगळा वाटा आहे. महाराष्ट्रातील फार थोडी मुले हे पर्याय भरतात.

तिसरा अर्ज महाराष्ट्राच्या सीईटी सेलकडे. राज्य कोटा आणि खासगी कॉलेजच्या जागा येथून, कॅप फेऱ्यांतून भरतात. पुण्याच्या आझम कॅम्पसमधील एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय ही मुस्लिम अल्पसंख्याक संस्था आहे. तेथील अल्पसंख्याक जागांसाठीही अर्जात तसा पर्याय नोंदवावा लागतो आणि धर्माचा पुरावा द्यावा लागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद असली की हे काम सोपे होते.

‘नीट’चा अर्ज भरला म्हणजे उरलेले आपोआप होते, या समजुतीने दरवर्षी मुले राज्याच्या नोंदणीची तारीख चुकवतात. सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत अर्ज भरायला हरकत नाही, पण मोबाईल नंबर आणि ई-मेल घरचाच द्यावा. परवलीचा शब्द कॅफेवाल्याच्या वहीत राहिला आणि फेरीच्या दिवशी त्याचे दुकान बंद असले, तर करायचे काय?

पसंतीक्रम आणि फेऱ्यांचा संयम

पसंतीक्रम भरताना मनातला खरा क्रम लिहावा. ‘हे मिळणार नाही’ असे स्वतःच ठरवून चांगले कॉलेज खाली टाकू नये. वरचे कॉलेज मिळाले नाही तर यंत्रणा आपोआप पुढच्या नावाकडे जाते. मात्र जे कॉलेज परवडणारच नाही, ते यादीत मुळीच घालू नये. मिळालेली जागा नाकारल्यास अनामत रक्कम जाते किंवा पुढील फेरीतून बाद व्हावे लागते. कोणत्या फेरीत कोणता नियम, हे त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत दिलेले असते आणि ते बदलते. मागच्या वर्षी चुलत भावाने काय केले, यावर विसंबू नये.

बीडीएसच्या जागांचा एक खास स्वभाव आहे. वरच्या क्रमांकाची मुले एमबीबीएस मिळताच दंतवैद्यकाची जागा सोडतात, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांपर्यंत जागा मोकळ्या होत राहतात. २०२०-२१ च्या प्रवेशात तर इतक्या जागा रिकाम्या राहिल्या, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची रेषा १० पर्सेंटाईलने खाली आणण्याचा आदेश दिला. दरवर्षी असे होईल या आशेवर बसू नये. पण पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणून फाईल कपाटात टाकणेही चूक आहे. शेवटची फेरी होईपर्यंत मूळ कागद आणि फीची तजवीज हाताशी असावी.

वर्षभर थांबावे का?

‘नीट’ किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही. पण मर्यादा नाही म्हणून चार-चार वर्षे एमबीबीएसच्या मागे लागलेली मुलेही आपण पाहतो. निर्णय भावनेवर नव्हे, गुणपत्रिकेवर करावा. पहिल्या खेपेला आजारपण किंवा कच्चे राहिलेले दोन-तीन धडे, असे ठोस कारण सापडत असेल आणि सराव परीक्षांत गुण चढत असतील तर एक वर्ष द्यावे. कारणच सापडत नसेल आणि शासकीय बीडीएस हाती असेल, तर ती जागा सोडू नये. थांबलेल्या वर्षाचे प्रतिज्ञापत्र प्रवेशावेळी मागतात, तेही करून ठेवावे. मुलगी असेल तर ‘आता वर्ष कशाला, लग्नाचे बघू’ असे म्हणणाऱ्यांनी मुलासाठी हाच प्रश्न आपण विचारला असता का, हे मनाला विचारावे.

पैसा आणि दलाल

२०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला हवा. संस्था कोट्याला ही सवलत नाही. याशिवाय राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आहे. त्यांचे अर्ज प्रवेश होताच भरावेत.

जुलै-ऑगस्टमध्ये ‘जागा पक्की करून देतो’ म्हणणारे दलाल फिरू लागतात. ‘नीट’मध्ये पात्र न झालेल्याला आणि समुपदेशनाबाहेर कोणालाही बीडीएसची कायदेशीर जागा मिळत नाही. कॅपिटेशन फी घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. कॉलेजने मागितलेली रक्कम त्याच्याशी ताडून पाहावी आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. पावती न देणाऱ्याशी आपण दुकानातही व्यवहार करत नाही.

भिंतीवर लावण्यासाठी

नववी-दहावी : शाळेच्या रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख, धर्म, जात तपासणे. आधार त्याप्रमाणे करणे. आजोबांचे कागद शोधायला सुरुवात.

अकरावी : भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी विषय. डोमिसाईल आणि जातीचा दाखला. पहिल्या सहामाहीत पडताळणी प्रस्ताव.

बारावी, जानेवारीपर्यंत : वैधता प्रमाणपत्राचा पाठपुरावा, तिन्ही वर्षांची विवरणपत्रे एका फाईलमध्ये.

फेब्रुवारी-मार्च : ‘नीट’चा अर्ज स्वतःच्या मोबाईल नंबरवर. गट आणि भाषा दोनदा वाचून मगच पाठवणे.

एप्रिल : केंद्र आणि राज्य, दोन्ही नमुन्यांतील नॉन क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस दाखला.

जून-जुलै : निकालानंतर केंद्राची आणि राज्याची वेगवेगळी नोंदणी. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. प्रत्येक मूळ कागदाच्या चार-चार प्रती.

त्यानंतर शेवटच्या फेरीपर्यंत रोज संध्याकाळी संकेतस्थळ पाहणे.

यातले एकही काम हुशारीचे नाही, फक्त वेळेचे आहे. मुलगा किंवा मुलगी रात्ररात्र जागून गुण मिळवते. त्या गुणांना दाखल्यापायी कमीपणा येऊ नये, एवढी जबाबदारी घरातील मोठ्यांची. ज्यांच्या घरी यंदा मूल नववीत गेले आहे, त्यांनी या आठवड्यात एक दिवस दुकानाला कुलूप लावून शाळेत जावे आणि रजिस्टरमधील ती एक ओळ डोळ्यांनी पाहून यावी.